डाव्या अंगावर

“पड,” मी म्हणालो.

ज्योतीराम पडला नाही. हौद्याच्या कडेला दोन्ही हात पुढं धरून तो उभा होता आणि खालच्या तांबड्या मातीकडं विहिरीत डोकावल्यासारखा बघत होता.

“सर, उजवीकडं पडू? म्हणाल तेवढ्या वेळा पडतो.”

“उजवीकडं तू झोपेतसुद्धा पडशील. डावीकडं.”

“उद्या पडतो.”

“कालही उद्याच म्हणाला होतास.”

तो ओशाळून हसला. सहा फुटांचं, म्हशीच्या धारोष्ण दुधावर पोसलेलं एकोणीस वर्षांचं पोरगं; पण त्या क्षणी इंजेक्शनला घाबरलेल्या पहिलीतल्या मुलासारखं दिसत होतं. मी चपला काढल्या, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि त्याच्यादेखत धाडकन डाव्या अंगावर मातीत पडलो. तसाच पडून त्याला म्हणालो, “बघितलंस? आधी मांडी, मग कूस, मग खांदा. कोपराला मध्ये यायचं कारणच नाही. ते पाहुण्यासारखं सगळ्यात शेवटी येतं.”

“सर, तुमचा सदरा.”

“सदऱ्याचं सदऱ्याची मालकीण बघून घेईल. आता गुडघ्यावर बस आणि तिथून पड. बसलेल्या माणसाला पडायला कितीसं अंतर असतं?”

तो गुडघ्यांवर बसला, डोळे गच्च मिटले आणि कलंडला. पडला म्हणण्यासारखं ते नव्हतंच. भिंतीला टेकवलेलं पोतं घसरावं तसा तो घसरला. पण डावीकडं घसरला.

ही गोष्ट १९५७ सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. आमच्या कॉलेजची फुटबॉलची पहिली टीम निघाली तेव्हा मी तिच्यात होतो. आम्ही अकरा जण आणि बुटांचे जोड चार. ज्याला पहिल्या हाफमध्ये बूट मिळत, त्यानं ते दुसऱ्या हाफमध्ये दुसऱ्याला काढून द्यायचे आणि स्वतः पायाला पट्ट्या गुंडाळून खेळायचं. पदवी घेतल्यावर त्याच कॉलेजात मी खेळाचा मास्तर झालो. पण खेळ सोडला नव्हता. आठवडाभर कॉलेजच्या पोरांना शिकवायचं आणि रविवारी आपल्या तालमीकडून मैदानात उतरायचं.

आमच्या कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. ज्या गल्लीत जन्मलो तिथली तालीम आपली, आणि फुटबॉलची टीमही तिचीच. माझी चिंचेखालची तालीम, हिरव्या जर्सीची. ज्योतीराम ढवण तळ्यावरच्या तालमीचा, निळ्या जर्सीचा गोली, गोल राखणारा. म्हणजे सोमवार ते शनिवार तो माझा विद्यार्थी आणि रविवारी माझ्यासमोरचा गोली. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कॉलेजात निम्मी पोरं अशीच होती.

ज्योतीरामची खोड मला चार महिन्यांनी कळली. तो गोलच्या मधोमध उभा न राहता डावीकडं एक पाऊल सरकून उभा राही. लोकांना ती त्याची ऐट वाटायची. मला आधी तसंच वाटलं. मग एकदा लक्षात आलं, की उजवीकडच्या बॉलवर हा पोरगा मांजरासारखा झेपावतो आणि डावीकडच्या बॉलला नुसता पाय लावतो. विचारलं तेव्हा आधी उडवाउडवी केली, आणि मग सांगितलं. दहा वर्षांचा असताना दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकलवरून तो पडला होता. डावं कोपर मोडलं. हाडवैद्यानं बसवलं. कोपर बरं झालं, पण त्या अंगावर पडायची भीती आत राहिली ती राहिलीच.

“तळ्यावर कळलं तर मला गोलीतनं काढतील सर,” तो म्हणाला. “कुणाला सांगू नका.”

“नाही सांगणार.”

“आणि जाईल का हे?”

“जाईल की. पडून पडून जाईल.”

कॉलेजचं मैदान मुरमाचं. तिथं पडायला शिकवलं असतं तर कातडं निघालं असतं. मऊ माती हवी होती. त्याच दिवसांत आमच्या तालमीत कुस्तीच्या हौद्याची माती बदलली होती. तेल, ताक, हळद, कापूर घालून कैक वर्षं मळलेली जुनी माती मागच्या अंगणात ढिगानं पडली होती. मी सायकलला पोती बांधून सहा खेपा केल्या आणि जिमखान्याच्या मागं छोटा हौदा तयार केला. तालमीत कुणी विचारलंच तर सांगत होतो, कॉलेजच्या बागेला नेतोय.

आणि नेमकी त्या वर्षी फायनल लागली ती चिंचेखालची विरुद्ध तळ्यावरची.

फायनलला दहा दिवस होते. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर आमची सगळी टीम बसली होती. हिंदुराव पाटोळे आमचा कॅप्टन. त्याचं घर माझ्या घराला लागून. आम्ही दोघांनी एकाच दिवशी तालमीत पाऊल टाकलं होतं. त्यानं माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

“मास्तर, त्यो ढवणाचा जोत्या तुझाच पोरगा न्हवं?”

“कॉलेजात आहे.”

“मग सांग की. कुठं कच्चा हाय?”

“गोली चांगला आहे.”

“आरं, चांगला हाय ते आम्हाला पण दिसतंय. तीन मॅच झाल्या, एक गोल न्हाई बसला त्याच्यावर. पण तू त्येला रोज बघतोस. गवळ्याला म्हशीची खोड ठावं नसती व्हय?”

सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, “कुणाची खोड शोधायला मी कॉलेजात जात नाही, हिंदू.”

“म्हंजे हाय खोड!”

मी चहा प्यायलो. हिंदुराव माझ्याकडं बघत राहिला. मग पोरांकडं वळून म्हणाला, “बघा रं. पगार कॉलेजचा आन् माणूस बी कॉलेजचा.”

“असं बोलू नकोस.”

“मग तू बोल की!”

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला केरबा वस्ताद बसले होते. सत्तरी ओलांडलेले, कान कुस्तीत मोडून भजीसारखे झालेले. हिंदुरावला, मला आणि आमच्या बापांनाही लंगोट बांधायला त्यांनीच शिकवलं होतं. ते नुसते म्हणाले, “हिंदुराव, चहा निवतोय तुझा.” विषय तिथं थांबला.

पण माझ्यापुरता तो थांबला नाही. कारण आमच्या तालमीचा एक रिवाज होता. फायनल ठरली की अकराही जणांनी हौद्यात उतरायचं, चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि वस्तादांसमोर म्हणायचं, “मैदानात तालमीशिवाय माझं कुणी नाही.” लहानपणापासून आम्ही मोठ्यांना हे म्हणताना ऐकत आलो होतो. त्या संध्याकाळी मीही माती लावली आणि म्हणालो. म्हणताना माझा आवाज मलाच जरा बारीक वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौद्यापाशी गेलो तेव्हा ज्योतीराम आधीच येऊन बसला होता. पण कपडे बदलले नव्हते.

“काय रे?”

“सर, फायनल होईस्तोवर बंद करू या का?”

“का?”

“तुमच्या लोकांना कळलं तर तुमास्नी त्रास व्हायचा.” मग मान खाली घालून तो म्हणाला, “आन् तुम्ही पण खेळणार. उद्या माझ्याम्होरं तुम्हीच आलासा तर?”

शिकवायचं थांबवलं असतं, तर ते तालमीसाठी थांबवलं असं झालं असतं. शिकवत राहिलो, तर कपाळाची माती अजून पुरती गेली नव्हती. मी हौद्याच्या कडेला बसलो.

“गेल्या आठवड्यात कितीदा पडलास?”

“गुडघ्यावरनं चाळीस येळा. उभ्यानं दोनदा.”

“आज उभ्यानं दहादा पडायचं ठरलं होतं ना?”

“व्हय.”

“मग कपडे बदल. दहा म्हणजे दहा.”

त्या दिवशी तो नऊ वेळा पडला. दहाव्या वेळी मला म्हणाला, “सर, एक उधार.” मग रोज सकाळी सहा ते सात. आधी नुसतं पडायचं. मग मी हातानं बॉल टाकायचा. मग पायानं. त्याच्या डाव्या कुशीवर तांबड्या मातीचा असा थर बसे की घरी जायच्या आधी जिमखान्याच्या नळावर त्याला घासून काढावं लागे. माती घेऊन तळ्यावर गेला असता तर कुणाच्या हौद्याची ती हे एखाद्या जुन्या माणसानं नुसत्या वासावरून ओळखलं असतं.

शनिवारी, फायनलच्या आदल्या दिवशी, मी त्याला हौद्यातून बाहेर काढून मुरमावर उभं केलं. दोन दगड ठेवून गोल केला.

“इथं एकदा. एकच.”

मी बॉल त्याच्या डावीकडं सोडला. हळूच. ज्योतीराम झुकला, गुडघा वाकला, आणि तिथंच अडकला. बॉल त्याच्या हातापासून वीतभर अंतरावरून निघून गेला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर तो झुकलाही नाही.

“न्हाई हुत सर. माती हाय तवर हुतंय.”

“होईल. घाई नाही. सोमवारपासून मुरमावर सुरू करू.”

“आन् उद्या?”

“उद्या तुझा तू, माझा मी,” मी म्हणालो.

फायनलला अख्खं गाव लोटलं होतं. मैदानाच्या चारही अंगांना माणसं, झाडांवर पोरं. एका बाजूला आमची हलगी, समोरून त्यांची. पहिला हाफ कोरा गेला. दुसऱ्या हाफमध्ये मी दोनदा चांगला मारला, दोन्ही ज्योतीरामच्या उजवीकडं. त्यानं दोन्ही झेलले. हिंदुराव धावता धावता माझ्या कानाशी येऊन ओरडला, “उजवीकडंच मारायचं व्रत घेतलंयस व्हय?” माझ्या स्वतःच्याही ते तेव्हाच लक्षात आलं, आणि मी दचकलो. मी मुद्दाम तसं करत नव्हतो. निदान, मला तसं वाटत होतं.

मॅच संपायला दहा मिनिटं असताना त्यांच्या बॅकच्या हाताला गोलच्या तोंडाशी बॉल लागला. रेफ्रीनं शिट्टी वाजवली. पेनल्टी.

आमच्याकडच्या पेनल्ट्या मीच मारत असे. हिंदुरावनं स्वतः बॉल उचलला, जर्सीला पुसला आणि जागेवर ठेवला. मग माझ्या खांद्यावर हात टाकून, या वेळी अगदी हळू, लहानपणीच्या आवाजात म्हणाला, “रंगा, तुला ठावं हाय कुठं मारायचा. मला सांगू नगंस. नुसता मार.”

मी मान वर केली. ज्योतीराम गोलमध्ये उभा होता, नेहमीसारखा डावीकडं एक पाऊल सरकून. तो माझ्याकडं बघत होता. गोल रोखणाऱ्या माणसाची नजर बॉलवर असते. ह्याची माझ्या तोंडावर होती. त्या दोन-तीन हजार माणसांत त्याची ती एक गोष्ट फक्त मला माहीत होती आणि मला माहीत आहे हे फक्त त्याला.

उजवीकडं मारला असता तर त्यानं सहज अडवला असता आणि त्याला कळलंही असतं, की सरांनी दान दिलं. कपाळाला माती लावून मी जे बोललो होतो ते खोटं ठरलं असतं. डावीकडं मारला असता तर त्यानं विश्वासानं सांगितलेलंच मी त्याच्यावर उलटवलं असतं. रेफ्रीनं शिट्टी तोंडात धरली.

तेवढ्यात ज्योतीरामनं एक गोष्ट केली. तो उजवीकडं एक पाऊल सरकला. बरोबर मधोमध उभा राहिला. डावी बाजू त्यानं उघडी टाकली. तळ्यावरची माणसं ओरडली, “आरं, कुठं सरकतोयस!” त्यानं तिकडं बघितलंही नाही. गुडघे वाकवले, हात पुढं धरले आणि थांबला. हौद्याच्या कडेला थांबायचा तसा.

शिट्टी झाली. मी धावलो आणि अंगात होता नव्हता तो सगळा जोर लावून बॉल त्याच्या डावीकडं मारला, खालून, खांबाच्या आतल्या अंगाला. आयुष्यात इतका चांगला बॉल मी आधी कधी मारला नव्हता.

आणि तो पडला. आधी मांडी, मग कूस, मग खांदा. सहा फुटांचं ते पोरगं मुरमावर आडवं लांबलं, बोटांची टोकं बॉलला लागली, बॉल खांबावर आदळला आणि बाहेर गेला. क्षणभर सगळं मैदान चिडीचूप झालं. त्या शांततेत ज्योतीराम जमिनीवरूनच, फाटलेल्या बाहीनं, तोंडभर हसत ओरडला,

“सर, पडलो!”

मी टाळ्या वाजवल्या.

किती वाजवल्या ते आठवत नाही. हिरवी जर्सी अंगात, पेनल्टी हुकलेली, चिंचेखालची सगळी माणसं डोक्याला हात लावून बसलेली, आणि मी मधोमध उभा राहून टाळ्या वाजवत होतो. हिंदुरावनं माझे हात धरून खाली ओढले तेव्हा मला ते कळलं. आम्हाला मिळालेला कॉर्नर झाला तेव्हाही मी तिथंच उभा होतो. बॉल त्यांनी लांब मारला, मी मागं येऊन अडवायला हवी होती त्या जागेतूनच त्यांचा फॉरवर्ड पळाला, आणि आमच्यावर गोल झाला. एक-शून्य. फायनल तळ्यावर गेली.

तालमीत परतलो तेव्हा हलगी बंद होती. हिंदुरावनं बूट काढून भिंतीवर आपटले.

“मुद्दाम त्येच्या हातात मारला ह्यानं! शिकवलेला हाय ह्यानं त्येला. सगळ्या गावानं ऐकलंय, ‘सर, पडलो’ म्हणं! टाळ्या वाजवतोय! आपल्या पराभवाला टाळ्या!”

केरबा वस्ताद हौद्याच्या कडेला बसले होते. त्यांनी मला समोर बसायची खूण केली.

“कुठं मारलास, रंगा?”

“त्याच्या डावीकडं, वस्ताद.”

“त्यो तिकडं कच्चा हुता?”

“कालपर्यंत होता.”

“जोर किती लावलास?”

“होता तेवढा सगळा.”

वस्तादांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. त्यांच्यासमोर आजवर कुणाचं खोटं टिकलं नव्हतं, त्यामुळे ते बराच वेळ बघत राहिले तरी मला भीती वाटली नाही.

“मग टाळ्या?”

“हात थांबले नाहीत, वस्ताद.”

त्यांनी हौद्यातली चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली आणि खाली सोडली.

“खेळणाऱ्याचं हात थांबत्यात,” ते म्हणाले. “जर्सी हितं ठेव.”

मी जर्सी काढली, घडी करून हौद्याच्या कडेला ठेवली आणि बनियनवर घरी गेलो. ती मी खेळलेली शेवटची मॅच. रस्त्यात कुणी माझ्याशी बोललं नाही. शेजारच्या दारात बसलेल्या हिंदुरावच्या आईनं मला बघून तोंड फिरवलं.

सोमवारी सकाळी सहा वाजता ज्योतीराम जिमखान्यामागं हजर होता. डाव्या कोपराला खरचटलेलं आणि हातात दुधाची किटली. किटली माझ्यापुढं ठेवून तो नुसता उभा राहिला. मी म्हणालो, “एक उधारी आहे तुझी. दहावं पडणं.”

“काल पडलो की सर.”

“ते तळ्यावरच्या खात्यात. माझं राहिलंय.”

तो पडला.

पुढच्या नागपंचमीच्या सुमाराला एक बैलगाडी कॉलेजच्या फाटकात उभी राहिली. गाडीत तांबडी माती भरलेली, तेलाताकाचा वास येणारी. गाडीवान म्हणाला, “सरनोबत मास्तर तुम्हीच न्हवं? केरबा वस्तादांनी धाडलीया. म्हणाले, बागेची माती आता संपली आसंल.”

वस्ताद होते तोवर दर वर्षी ती गाडी आली. तालमीत मात्र त्यांनी मला कधी बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही. हौदा हळूहळू मोठा झाला. कॉलेजच्या पोरांबरोबर त्यांची धाकटी भावंडं येऊ लागली, मग नुसतीच गल्लीतली चिल्लीपिल्ली. लहान मुलांना पडायला शिकवायला मला सगळ्यात जास्त आवडतं. ती एकदा पडली की पुन्हा पुन्हा पडून दाखवतात.

हिंदुराव माझ्याशी चौदा वर्षं बोलला नाही. घराला घर लागून, एकाच नळावर पाणी भरायचो, पण बोलला नाही. मग एके दिवशी सकाळी तो हौद्यापाशी आला. कानशिलांवर केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. बरोबर दहा-अकरा वर्षांचा त्याचा मुलगा. हिंदुराव माझ्याकडं न बघता मातीकडं बघत म्हणाला,

“गोलीत उभा ऱ्हातोय. पण पडाय भितंय बेणं.”

“कुठल्या बाजूला?”

“दोन्हीकडं.”

“बरं,” मी म्हणालो. “सोपं आहे मग. निवडायचं कारण नाही.”

पोरगा फिसकन हसला. हिंदुराव हसला नाही. तो हौद्याच्या कडेला टेकला, चपलेच्या टोकानं मातीत रेघ ओढली आणि अजूनही खालीच बघत त्यानं विचारलं,

“रंगा, त्या दिशी जोर लावलेलास?”

“लावलेला.”

“सगळा?”

“सगळा, हिंदू.”

मग पुढं वाकून त्यानं चिमूटभर माती उचलली आणि लहानपणापासूनची सवय असल्यासारखी पोराच्या कपाळाला लावली. आमच्या तालमीचे ते शब्द आता म्हणतो की काय, म्हणून मी बघत राहिलो. पण तो काही म्हणाला नाही. पोराला त्यानं पाठीत हळूच ढकललं.

“जा,” तो म्हणाला. “सर सांगत्यात तसं कर.”

पोरगा हौद्यात उतरला आणि माझ्याकडं बघू लागला. मी चपला काढल्या, बाह्या वर सारल्या.

“आधी मी पडतो,” मी म्हणालो. “मग तू.”